कॉलेज रोडचं 'ब्रायडल व्हाइटनिंग पॅकेज': थ्रेडिंग झकास, बाकीचं वाचा आणि मग पैसे भरा

थ्रेडिंगला पाच स्टार, वॅक्सिंगला साडेतीन, आणि ज्याच्यासाठी आम्ही मुळात गेलो होतो त्या ब्रायडल व्हाइटनिंग पॅकेजला शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. असली सेंटरं नाशिकच्या कॉलेज रोडला आणि गंगापूर रोडला भरपूर झालीत, पॅकेजची नावं तेवढी वेगवेगळी असतात, त्यामुळे एकालाच धोपटून बाकीच्यांना मोकळं सोडण्यात काही पॉइंट नाही. आत काय काय विकतात आणि त्यातलं नेमकं काय काम करतं ते लिहिते, तुमचं तुम्ही ठरवा.

तर झालं असं की माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. ती अंबडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, पाथर्डी फाट्यावरून रोज स्कूटीने जाते, म्हणजे उन्हाळ्यात हात आणि चेहरा रापणारच, नाशिक थंड हवेचं आहे हे आता फक्त पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनाच वाटतं. मूळचा रंग सावळा, त्वचा एकदम तुकतुकीत, चेहऱ्यावर पुटकुळी म्हणून नाही. पसंती झाली, सुपारी फुटली, तारीखही निघाली, आणि मग मुलाकडच्या कुणा मावशीबाईंनी फोनवर अगदी सहज म्हणावं तसं म्हटलं, "फोटोत जरा उजळ वाटली होती हो." बास. आमच्या सासूबाईंची झोप उडाली. आता फोटोत उजळ वाटली कारण स्टुडिओवाल्याने तिला उजळ केली होती, आणि ते आम्ही सांगितलंही नव्हतं, तो सगळ्यांनाच करतो, न विचारता, त्याच्या मते ती सर्व्हिस आहे. मोबाइलचं पण तेच, सेल्फी मोड उघडला की आपोआप नाक बारीक आणि गाल पांढरे. बरं, नवरा मुलगा चांगला काळासावळा आहे, त्याच्याबद्दल आमच्याकडून कुणी चकार शब्द काढला नाही, उलट सासूबाईंचं मत, "पुरुषाला शोभतो."

सेंटर पहिल्या मजल्यावर आहे, एसी, लव्हेंडरचा वास, पाण्याचा ग्लास ट्रेमध्ये ठेवून देतात, स्टाफ सगळा काळ्या युनिफॉर्ममध्ये आणि बोलायला अत्यंत गोड. पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावून चालत यावं लागतं, म्हणजे डी-टॅन करून घेऊन परत उन्हातून चालत गाडीपर्यंत. एवढ्या पैशात किमान छत्री द्या.

रिसेप्शनच्या मागे भिंतभर बॅनर आहे. एकाच मुलीचा चेहरा, अर्धा काळा अर्धा गोरा, मध्ये चेन उघडल्यासारखी रेघ. वाट बघत बसलं की त्याच्याकडेच बघत राहावं लागतं, दुसरं करायला काही नसतं, तर मी नीट बघितलं. डावीकडच्या अर्ध्यात केस विंचरलेले नाहीत, भुवई वाढलेली आहे, ओठ कोरडे, लाइट वरून पडलेला म्हणजे डोळ्याखाली सावली येते. आणि उजवीकडे? भुवई कोरलेली, ओठाला लिपस्टिक, गालाला हायलायटर, लाइट समोरून, कानात मोत्याचा डूल. डावीकडे डूल नाहीये! म्हणजे या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे क्रीम लावली की कानाला डूल पण येतो. मी हे नणंदेला दाखवलं तर ती इतकी हसली की रिसेप्शनवालीने आमच्याकडे वळून बघितलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डावीकडची मुलगी रडवेली आहे आणि उजवीकडची हसतीये. भारतात जाहिरातींची जी स्वयंनियमन संस्था आहे ना, आस्की, तिने २०१४ मध्येच गाइडलाइन काढली होती की काळ्या-सावळ्या रंगाच्या माणसाला दुःखी, निराश, अनाकर्षक दाखवायचं नाही, आणि रंगावरून नोकरी, लग्न, प्रमोशन यात मागे पडलेलं दाखवायचं नाही. टीव्हीवर त्यामुळे थोडा फरक पडला. पण कॉलेज रोडच्या पहिल्या मजल्यावरच्या भिंतीपर्यंत ती गाइडलाइन जिना चढून आलेली दिसत नाही.

मग काउन्सेलिंग. एक मॅडम आल्या, पांढरा कोट घातलेला. डॉक्टर आहात का विचारलं तर म्हणे "मी स्किन एक्स्पर्ट आहे." ठीक. त्यांनी ड्रॉवरमधून एक पट्टी काढली, हार्डवेअरच्या दुकानात भिंतीच्या रंगाची शेड कार्ड असतात अगदी तशी, आणि नणंदेच्या गालाला लावून म्हणाल्या, "तुम्ही सध्या इथे आहात, आपण लग्नापर्यंत इथे आणू." बोट तीन घरं वर सरकलं. ही पट्टी काही त्यांचा शोध नाही. फेअरनेस क्रीमच्या पाकिटात पूर्वी अशीच पट्टी मिळायची, माझ्या मावशीच्या कपाटावर ती चिकटवलेली होती मला चांगली आठवते. ज्या कंपनीने ती घराघरात पोचवली तिने २०१९ मध्ये ती पाकिटातून काढून टाकली, बिफोर-आफ्टरचे चेहरेपण काढले. इथे ती अजून सुखाने नांदतेय.

सासूबाईंनी स्पष्ट विचारलं, "गोरी होईल ना नक्की?"

"काकू, आम्ही गोरं असं म्हणतच नाही आता. ब्राइटनिंग म्हणतो. ग्लो."

"म्हणजे गोरीच ना?"

"बघालच तुम्ही!"

हे संभाषण मला फार आवडलं, कारण आख्खा धंदा यात आला. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली तेव्हा नावातच सगळं होतं, लपवाछपवी नव्हती. मग जाहिराती आल्या, सावळी मुलगी, काळजीत पडलेला बाप, ट्यूब, आणि पुढच्या सीनला मुलगी एअर होस्टेस. त्या एअर होस्टेसच्या जाहिरातीवर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये सरकारने तसल्या जाहिराती बंद करायला लावल्या. पुरुषांना पण सोडलं नाही, २००५ मध्ये फेअर अँड हँडसम आली, शाहरुख खान म्हणजे बादशहा माणूस, त्याने जाहिरातीत पोराकडे ट्यूब फेकली. मग २०२० साल आलं, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आंदोलनं पेटली, जगभर कंपन्यांना प्रश्न विचारायला लागले लोक, आणि फेअर अँड लव्हलीची झाली ग्लो अँड लव्हली. जॉन्सन अँड जॉन्सनने तर आपल्या काही फेअरनेस क्रीम विकणंच बंद केलं, शादी डॉट कॉमने स्किन टोनचा फिल्टर काढला. चांगलंच झालं की. पण किराणा दुकानात जाऊन बघा, बायका अजून जुन्याच नावाने मागतात आणि दुकानदार बरोबर तीच ट्यूब काढून देतो. तसंच इथे. लिहिलेलं असतं ब्राइटनिंग, ऐकू गोरं जातं, आणि उद्या तक्रार केली की मॅम आम्ही गोरं म्हणालोच नव्हतो.

सगळा दोष जाहिरातींवर ढकलायला मात्र मी तयार नाही. आमच्याकडे गरोदर बाईला केशराचं दूध पाजतात ते बाळ गोरं व्हावं म्हणूनच ना? बाळ झालं की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी आणि दुसरा प्रश्न कुणावर गेलंय, म्हणजे रंगाने. बायोडाटात वर्ण नावाचा रकाना असतो आणि त्यात आख्ख्या महाराष्ट्राच्या मुली गव्हाळ नाहीतर निमगोऱ्या असतात, सावळं कुणी लिहीतच नाही. आणि हे त्या गावात जिथे काळाराम पण आहे आणि गोरेराम पण आहे, आणि रामनवमीला गर्दी काळारामाकडे उसळते हे नाशिककराला सांगायला नको. सासूबाईंना मी हे म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "देवाला काय, त्याला कुठे सासरी जायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पॅकेजची किंमत १४,९९९. "आज बुक केलं तर ११,९९९." अर्धे आधी. पावती म्हणून एक गुलाबी कार्ड मिळतं त्यावर सिटिंगचे चौकोन असतात, जीएसटीचं बिल मागितलं तर "सिस्टिम डाउन आहे मॅम". ही सिस्टिम कायम डाउनच असते. इथे थांबायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, म्हणा, पण सासूबाईंनी पर्स उघडलेली होती आणि सून म्हणून माझे काही मर्यादित अधिकार आहेत.

आता आतला माल. पहिलं, ब्लीच. ब्लीच केलं की चेहरा लगेच उजळ दिसतो, आरशात बघून कुणीही खूश होईल, आणि तिथेच लोक फसतात. क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो, त्याने चेहऱ्यावरची जी बारीक लव असते ती सोनेरी होते. सोनेरी लव दिसत नाही, म्हणून चेहरा साफ वाटतो. बस एवढंच. त्वचेचा रंग तिथेच आहे, केसांचा बदललाय. आणि जरा जास्त वेळ ठेवलं तर आग होते ते वेगळंच, नणंदेची झाली, त्यावर स्टाफचं ठरलेलं वाक्य, "काम करतंय म्हणून चुरचुरतंय."

दुसरं, डी-टॅन. पॅक लावतात, मग स्क्रब, मेलेली त्वचा निघते, बरं वाटतं, मसाज तर सुंदरच होता, मला पण झोप लागली असती. पण रापलेला रंग ऊन टाळलं तर तसाही महिना-दोन महिन्यांत उतरायला लागतो, कारण वरची त्वचा सतत गळून नवी येत असते. इथे एक साधी गोष्ट सांगते जी मला नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितली आणि जी या सेंटरच्या भिंतीवर लावायला हवी. दंडाची आतली बाजू बघा, काखेच्या जवळची, जिथे ऊन लागत नाही. तो तुमचा जन्माचा रंग. चेहरा काळजी घेऊन फारतर तिथपर्यंत येऊ शकतो, त्याच्यापुढे कुठलंही चांगलं क्रीम नेत नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसाला आणि काळ्या माणसाला साधारण सारख्याच असतात, फरक असतो त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात त्यात, आणि ते आईबापाकडून आलेलं असतं, ११,९९९ मध्ये बदलून मिळत नाही. शेड कार्डवरची तीन घरं गेली उडत.

तिसरं, सिरम, यांच्याच ब्रँडचं. बाटलीवर मोठ्या अक्षरात नायसिनमाइड. नायसिनमाइड वाईट नाही, चांगला घटक आहे, डाग थोडे फिके करतो, साधारण दोन ते पाच टक्के असेल तर. पण मागे बारीक अक्षरातली यादी वाचा. घटक जास्तीपासून कमीकडे लिहायचे असतात, आणि एक टक्क्याच्या खालचे मग कसेही लिहिले तरी चालतात. या बाटलीत नायसिनमाइड कुठे होतं, तर फिनॉक्सीइथेनॉल आणि परफ्यूमच्या नंतर. फिनॉक्सीइथेनॉल म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, ते एक टक्क्याच्या आतच घालतात. म्हणजे मग त्याच्यामागे रांगेत उभं असलेलं नायसिनमाइड किती असेल बघा हिशोब करून. आणि लावल्या लावल्या जो चमकदार ग्लो येतो तो टायटॅनियम डायऑक्साइड आणि मायकाचा, म्हणजे पांढरी पावडर आणि चमकी. तोंड धुतलं की बेसिनमध्ये. समोर एक ओळ होती, डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड. त्याचा अर्थ फारतर एवढाच की अंगावर रिअॅक्शन येते का ते बघितलंय, गोरं होतं असं कुणी तपासलंय असा नाही.

आणि एवढ्या सगळ्या पॅकेजमध्ये सनस्क्रीन नाही!! स्कूटीवर जाणाऱ्या मुलीला रापण्यावरची ट्रीटमेंट विकतात आणि रापू नये म्हणून जी एकच गोष्ट खरंच उपयोगाची आहे ती देत नाहीत. विचारलं तर "ते वेगळं घ्यावं लागेल मॅम." मेडिकलमध्ये चार-पाचशेला एसपीएफ ३० च्या वरचं बऱ्यापैकी सनस्क्रीन मिळतं, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांवर ओळ काढून तेवढं लावायचं, दर दोन-तीन तासांनी परत. ते विकून यांना काय सुटणार.

मधल्या एका सिटिंगला ग्लुटा ड्रिपचं पण विचारून झालं, सलाइनमधून ग्लुटाथायोन, "हिरोइनी घेतात". तिथे मात्र सासूबाईच ताडकन उठल्या, सलाइन फक्त दवाखान्यात लावतात एवढं त्यांचं पक्कं आहे, आणि त्यांचं हे मत कुठल्याही स्किन एक्स्पर्टपेक्षा बरोबर निघालं. डॉक्टर नंतर म्हणाल्या की गोरं करण्यासाठी म्हणून हे शिरेतून द्यायला मान्यताच नाहीये.

आता मेन गोष्ट, ज्याच्यासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला घेतला. नाइट क्रीम. छोटी पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर सेंटरचा लोगो, आणि बाकी काही नाही. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, बनवल्याची तारीख नाही, लायसन नंबर नाही, कुणी बनवलंय ते नाही. "आमचा स्पेशल फॉर्म्युला आहे, रोज रात्री मटारच्या दाण्याएवढं." आणि हे मात्र लागू पडलं. खरंच सांगते, काही दिवसांतच चेहरा उजळला, मऊ झाला, काचेसारखा. ऑफिसात बायका विचारायला लागल्या, सासूबाई मला बघा म्हटलं होतं ना अशा नजरेने बघायला लागल्या, नणंद स्वतः आरशासमोरून हलेना. मग डबी संपली आणि दुसरी मिळायला उशीर झाला. त्या मधल्या काळात गाल लालबुंद, आग, खाज, उन्हात गेलं की चटके, आणि हनुवटीवर पुटकुळ्या, ज्या तिला आयुष्यात कधी आल्या नव्हत्या. सेंटरला फोन केला तर म्हणे, "बघा, क्रीम बंद केलं म्हणून झालं ना, परत सुरू करा, २,२०० ची डबी आहे."

गंगापूर रोडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चेहरा बघितला आणि डबीचं झाकण उघडायच्या आधीच विचारलं, "कुठल्या पार्लरची?" म्हणजे रोजचंच असावं. त्यांचं म्हणणं ही सगळी लक्षणं स्टिरॉइडची आहेत. स्टिरॉइडचं मलम, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असली नावं, एक्झिमासारख्या आजारांवर डॉक्टर मोजून मापून देतात, ते औषध म्हणून उत्तमच आहे. चेहऱ्यावर रोज चोपडलं की रक्तवाहिन्या आकसतात म्हणून चेहरा फिका पडतो, सूज आणि लाली दबते म्हणून गुळगुळीत दिसतो, मेलॅनिन बनणं पण कमी होतं. सुरुवातीला स्वर्ग. मग त्वचा पातळ होत जाते, लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल येतात, बारीक केस वाढतात, आणि बंद केलं की सगळं उसळून येतं म्हणून माणूस घाबरून परत लावतो. व्यसनच ते. हे देशात इतकं माजलंय की त्वचारोगतज्ज्ञांनी याला वेगळं नावच दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने यावर खास टास्क फोर्स काढला होता. त्यानंतर २०१८ मध्ये सरकारने असली चौदा स्टिरॉइड मलमं शेड्युल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आता तुम्ही मेडिकलवाल्याला चिठ्ठीशिवाय किती वेळा काय काय मागून घेतलंय ते आठवा. ते तीन औषधं एकत्र असलेलं मलम पण असतं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड, ते वांगावर थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात, आणि मग ती ट्यूब आख्ख्या वाड्यात फिरते, हिच्याकडून तिच्याकडे, गोरं व्हायची ट्यूब म्हणून.

डॉक्टरांनी रागावून अजून एक सांगितलं, की बिननावाच्या डबीत स्टिरॉइडच असेल तर त्यातल्या त्यात नशीब समजा. कारण दुसरी शक्यता असते पारा. पाऱ्याने मेलॅनिन बनायचं थांबतं, चेहरा झपाट्याने उजळतो, आणि पारा त्वचेतून आत जाऊन किडनीत बसतो. हे काही ऐकीव नाही. अकोल्यात एकाच घरातल्या तिघी मायलेकींना किडनीचा त्रास झाला, मुंबईच्या केईएममध्ये शोध घेता घेता लक्षात आलं की तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि तपासणीत त्यात पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना असेच किडनीचे पेशंट एकामागून एक सापडले, त्यातले बहुतेक फेअरनेस क्रीमवाले. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांत पारा घालायला बंदी आहे, चुकून उतरला तरी दहा लाखात एक भाग, डोळ्यांच्या मेकअपला तेवढी त्या नियमांत सत्तर भागांपर्यंत सूट होती. पण नियम पाळतो कोण, ज्याच्या डबीवर लायसन नंबर आहे तो. लेबलवर कॅलोमेल किंवा मर्क्युरस, मर्क्युरिक असं काही, म्हणजे पाऱ्याचंच नाव, दिसलं तर हातसुद्धा लावू नका, आणि असलं क्रीम लावणाऱ्याच्या पायावर सूज आली किंवा लघवीला फेस यायला लागला तर पार्लरला नाही, डॉक्टरांना फोन करा. आम्ही नणंदेच्या लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घेतली, किडनी ठणठणीत आहे, देवाची कृपा. रिपोर्ट येईपर्यंत सासूबाई जेवल्या नव्हत्या नीट.

पैसे परत मागायला गेलो तर काउन्सेलिंगवाल्या मॅडमचा पांढरा कोट गायब होता आणि मॅनेजर पुढे आला. त्याचं पहिलं वाक्य, "क्रीम सांगितल्याप्रमाणे लावलं नसेल." मला एकदम दिल्लीची केस आठवली. तिथल्या एका माणसाने २०१३ मध्ये ७९ रुपयांची फेअर अँड हँडसम घेतली, लावली, गोरा झाला नाही, आणि पठ्ठ्या ग्राहक मंचात गेला. कंपनीचं म्हणणं काय, की त्याने सांगितल्याप्रमाणे वापरल्याचा पुरावा नाही, आणि परिणामासाठी नीट आहार, व्यायाम वगैरे पण लागतं. हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अकरा वर्षं घासून डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाने इमामी कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड केला, दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून. ७९ रुपयांसाठी अकरा वर्षं, त्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार. मी मॅनेजरला ही केस सांगितली, २०१९ च्या ग्राहक कायद्यात खोट्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत आणि परत केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड आहे हे पण सांगितलं, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्याच्यासमोर मोबाइलवर काढून ठेवला, आणि डबी अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात घेऊन जाते म्हटलं. तोपर्यंत डाउन असलेली सिस्टिम लगेच अप झाली. न झालेल्या सिटिंगचे पैसे परत मिळाले, झालेल्यांचे नाही, डबीचे तर मुळीच नाही, वर "गुडविल म्हणून ग्लो फेशियल फ्री". नको बाबा. डबी जपून ठेवलीये, तक्रार लिहून झालीये.

थ्रेडिंग करणारी जी मुलगी आहे ना तिथे, कोपऱ्यातल्या खुर्चीवरची, तिचा हात खरंच हलका आहे, पाच स्टार तिचेच. तिच्याही गालावर मला तशाच लाल शिरा दिसल्या. विचारलं तर हळूच म्हणाली, "ताई, आम्हाला डबी अर्ध्या किमतीत मिळते." मी तिला डॉक्टरांचा पत्ता दिलाय, गेली की नाही माहीत नाही.

रिव्ह्यू दुसरीकडे छोटा टाकला होता त्यावर परवा सेंटरचा फोन आला, रिव्ह्यू काढा, लग्नाच्या दिवशीचा मेकअप आम्ही फ्री देतो. फोन सासूबाईंनी घेतला होता. "त्या डबीवर आता लेबल लावलंत का?" त्यांनी विचारलं. समोरून "काकू, ॲक्चुअली..." आणि यांनी फोन ठेवून दिला.

नणंदेचा चेहरा हळूहळू शांत होतोय, सध्या साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरांचं औषध, वेळ लागेल म्हणाल्यात. मेकअपचं इंदिरानगरच्या एका ताईंकडे ठरवलंय. ट्रायलला त्यांनी सवयीने दोन शेड गोरं फाउंडेशन उचललं, तर नणंदच म्हणाली, मानेच्या रंगाचं घ्या, अल्बममध्ये मुंडकं वेगळं नको दिसायला. त्यांनी मुकाट्याने घेतलं. छान दिसत होतं. ब्रश धुतलेले होते, बिल न मागता दिलं, घरी येऊन करायचे ५०० जास्त घेतात. त्यांचा सविस्तर रिव्ह्यू लग्नानंतर टाकते.